दोन बेलनंतर

मूठ, ब्रेक आणि हॉर्न

मुंबईच्या लोकलचा मोटरमन केबिनमध्ये एकटा असतो. मेल-एक्स्प्रेसच्या इंजिनात लोको पायलटच्या जोडीला सहायक असतो आणि प्रत्येक सिग्नल दोघे मोठ्याने पुकारतात. लोकलमध्ये पुकारलेले ऐकायला कोणी नसते. गार्ड, ज्याला जानेवारी २०२२ पासून कागदोपत्री ट्रेन मॅनेजर म्हणतात, बारा डबे मागे असतो, म्हणजे सुमारे अडीचशे मीटरवर. मोटरमनच्या हाताखाली कंट्रोलरची मूठ असते आणि गाडी चालू असताना ती दाबून धरावी लागते. हात सुटला की ब्रेक आपोआप लागतात. चालक बेशुद्ध पडला किंवा गेला तरी मागचे हजारो प्रवासी सुखरूप राहावेत म्हणून केलेली ही योजना, तिचे नावच ‘डेड मॅन्स हँडल’. समोर रुळावर दुसरेच कोणी असेल, तर या मुठीचा फार उपयोग होत नाही.

हिशेब साधा आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. माणूस दिसला, ध्यानात आले, हात हलला, एवढ्यात एक सेकंद जातो आणि गाडी एका डब्याच्या लांबीहून पुढे सरकलेली असते. आणीबाणीचा ब्रेक पूर्ण लागल्यावरही लोकल थांबायला साधारण तीनशे-चारशे मीटर घेते. वळणावर, पुलाच्या सावलीतून किंवा बाजूने जाणाऱ्या गाडीच्या आडून माणूस पुढ्यात आला, तर पन्नास मीटरही हाती लागत नाहीत. ट्रकवाल्याला निदान स्टिअरिंग फिरवता येते. मोटरमनकडे हॉर्न आणि ब्रेक. दोन्ही वापरून झाल्यावर उरतात ते दोन-चार सेकंद फक्त बघण्याचे. अनेकदा रुळावरचा माणूसही शेवटच्या क्षणी वर बघतो, आणि पुढे कितीतरी दिवस मोटरमनच्या मनातून जात नाही ती ही नजरानजर.

हॉर्नचाही एकदा नीट विचार झाला आहे. २०१० च्या सुमारास वडाळ्याजवळ रूळ ओलांडण्याच्या एका ठिकाणी ‘फायनल माइल’ या माणसांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने काही साधे बदल करून पाहिले. एक लांबलचक हॉर्न देण्याऐवजी दोन तुटक हॉर्न द्यायचे, कारण कान सलग आवाजाला सरावतो आणि मधल्या खंडाने दचकतो. काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्याला उमगावा. गाडी अंगावर येताना भेदरलेल्या माणसाच्या चेहऱ्याचे फोटो लावले. त्या जागेवरचे मृत्यू बरेच कमी झाले. मोटरमनच्या मनाची काळजी घ्यायची तर सुरुवात इथून होते. न घडलेल्या अपघातासाठी कोणाला आधार द्यावा लागत नाही.

पण घडणारे अपघात थोडेथोडके नाहीत. मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका जनहित याचिकेत २०२३ चा आकडा दिला होता: उपनगरी मार्गांवर २,५९० मृत्यू, म्हणजे दिवसाला सात. यात रूळ ओलांडणारे आहेत, दारातून पडणारे आहेत, खांबाला आदळणारे आहेत आणि आपणहून आलेलेही. देशभराचा विचार करताना डॉ. अनिल काकोडकर यांच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मध्ये अशा मृत्यूंचा अंदाज वर्षाला सुमारे पंधरा हजार एवढा धरला आणि त्याला कत्तल म्हणण्यापर्यंत कडक भाषा वापरली. दारातून मागे पडलेला माणूस मोटरमनला दिसत नाही. पण जो समोरून आला, त्याला पाहणारा एक माणूस प्रत्येक वेळी काचेमागे असतोच.

खाली उतरणे

गाडी थांबते. मोटरमन गार्डाला आणि कंट्रोल रूमला कळवतो. आता त्यांच्यापैकी कोणाला तरी, पुष्कळदा दोघांनाही, खाली उतरून बघावे लागते. जिवंत असेल तर उचलून पुढच्या स्टेशनात न्यायचे. गेला असेल तर देह रुळावरून बाजूला करायचा, म्हणजे गाड्या सुटतील. कधी हाताशी गँगमन सापडतात, कधी डब्यातले दोन-तीन प्रवासी उडी मारून मदतीला येतात, कधी कोणीच येत नाही. डब्यांतून डोकी बाहेर आलेली असतात. “कोणीतरी कटला वाटतं,” एवढ्यावर बहुतेकांची चौकशी संपते आणि मोबाइलवर ऑफिसात उशिराचा निरोप जातो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. रोज सात म्हटल्यावर शहराने वेगळे वागावे तरी कसे.

मागे दुसरी लोकल सिग्नलला उभी असते, तिच्यामागे तिसरी. गर्दीच्या वेळी दर तीन-चार मिनिटांनी गाडी धावणाऱ्या मार्गावर दहा मिनिटांचा खोळंबा दुपारपर्यंत पुरतो. त्यामुळे सगळी यंत्रणा एकाच प्रश्नाभोवती फिरते: गाडी कधी निघणार? वर चढून मोटरमन पुन्हा मूठ धरतो. मागून गार्डाच्या दोन बेल येतात, म्हणजे निघा. ज्या हाताने आणीबाणीचा ब्रेक मारला, त्याच हाताने तीच गाडी, तेच प्रवासी घेऊन तो पुढे जातो. बदली मोटरमन मिळायचाच असेल, तर तो पुढे कुठेतरी, बहुधा शेवटच्या स्थानकात मिळतो. तोपर्यंतचे सिग्नल तोच बघतो.

या कामगिरीकडे बाहेरच्या माणसाने कौतुकाने पाहावे, पण सुरक्षेच्या दृष्टीने ती गोष्ट बरी नाही. नुकताच हादरलेला माणूस पिवळा सिग्नल बघतो, पण त्याच्या मनात तो सिग्नल उतरलेला असतोच असे नाही. मागे बसलेल्या हजारो लोकांचा जीव त्या लक्षावर अवलंबून असतो, तेव्हा मोटरमनला मिळणारा आधार हा निव्वळ कल्याणकारी खर्च राहत नाही.

मेमो

पुढच्या स्थानकात स्टेशन मास्तरला मेमो द्यावा लागतो: गाडी क्रमांक, वेळ, मार्ग, किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक, काय झाले ते दोन ओळींत. त्यावरून हमाल स्ट्रेचर घेऊन निघतात, रेल्वे पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. मोटरमन आरोपी नसतो. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे विनापरवाना रुळांवर येणे हाच मुळात गुन्हा आहे. पण जबाबासाठी त्याला बोलावणे येऊ शकते, तेही तो प्रसंग मनात मागे पडायला लागल्यानंतर.

मेमोच्या त्या दोन ओळींचे वजन लिहिणाऱ्याला तेव्हा कळतेच असे नाही. धावत्या गाडीतून प्रवासी पडला असेल तर कलम १२४-अ खाली कुटुंबाला भरपाई मिळते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ती आठ लाख रुपये आहे. रूळ ओलांडताना धक्का लागला असेल किंवा आत्महत्या असेल तर या कलमाखाली काही मिळत नाही. रेल्वे दावा न्यायाधिकरणात हा फरक ठरवताना चालक, गार्ड आणि स्टेशन मास्तर यांनी त्या दिवशी काय लिहिले हे वाचले जाते. हात थरथरत असताना, कंट्रोल फोनवर घाई करत असताना, एका अनोळखी घराच्या पुढच्या काही वर्षांबद्दलचा कागद तिथे तयार होतो.

‘काउन्सेलिंग’ म्हणजे काय

भारतीय रेल्वेत काउन्सेलिंग हा शब्द जुना आणि रोजचा आहे. प्रत्येक मोटरमन, लोको पायलट एखाद्या लोको इन्स्पेक्टरच्या हाताखाली नेमून दिलेला असतो. इन्स्पेक्टरने त्याच्याबरोबर गाडीवर जायचे, त्याचे काम पाहायचे, नियम समजावायचे आणि ‘काउन्सेल’ करायचे. म्हणजे काय? लाल सिग्नल ओलांडू नका, वेगमर्यादा पाळा, मोबाइल बंद ठेवा, नवीन परिपत्रक वाचा, सही करा. काम गरजेचे आहे, इन्स्पेक्टरही बहुधा त्याच खुर्चीतून वर गेलेला जाणता माणूस असतो. अडचण अशी, की शब्द आधीच व्यापला गेलेला आहे. अपघातानंतर ‘काउन्सेलिंगला या’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो: आपले काय चुकले?

या भीतीला कारण आहे. गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांची, कानांची, रक्तदाबाची तपासणी ठरावीक काळाने होते, ड्यूटीवर रुजू होताना दारूसाठी श्वास तपासला जातो, भरतीच्या वेळी मानसशास्त्रीय चाचणी असते. या प्रत्येक चाचणीचा निकाल ‘लायक’ किंवा ‘नालायक’. ‘झोप येत नाही’, ‘हॉर्नचा हात आपोआप जातो’ असे रेल्वेच्या डॉक्टरपुढे बोलणे म्हणजे वैद्यकीय श्रेणी धोक्यात घालणे, असा हिशेब चालक मनात करतो. गाडीवरून उतरवले तर किलोमीटरप्रमाणे मिळणारा रनिंग अलाउन्स बुडतो, आणि रनिंग स्टाफच्या घरखर्चात तो भत्ता वरखर्चाचा नसतो. ड्यूटीवर शरीराला इजा झाली तर तिच्यासाठी प्रमाणपत्र, रजा, नुकसानभरपाई अशी रुळलेली वाट आहे. ज्या जखमेतून रक्त आले नाही, तिला रकाना सापडत नाही.

शिस्तीची ही भाषा किती खोल गेली आहे, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये दिसले. मध्य रेल्वेचा एक मोटरमन रूळ ओलांडताना गाडीखाली गेला. लाल सिग्नल ओलांडल्याच्या प्रकरणात कारवाई होईल या ताणाखाली तो होता, असे सहकाऱ्यांचे म्हणणे होते. त्यांनी जादा काम नाकारले आणि प्रवाशांना त्या दिवशी रद्द झालेल्या लोकलच्या घोषणा ऐकाव्या लागल्या. त्यातली एक गोष्ट प्रवाशांच्या ध्यानात क्वचितच आली असेल: रोजचे वेळापत्रक जादा कामावर उभे आहे. जिथे नेहमीच्या फेऱ्यांनाच माणसे कमी, तिथे हादरलेल्याला दोन दिवस घरी बसवायला माणूस कुठून आणायचा? मनाच्या आधाराचा प्रश्न अखेरीस लिंकमधल्या, म्हणजे ड्यूटीच्या तक्त्यातल्या, रिकाम्या नावांपाशी येऊन थांबतो.

योगासने, ध्यान, ताणतणावावरची व्याख्याने रेल्वेत होतात. त्यांना नावे ठेवायचे कारण नाही. पण ती शिबिरे सर्वांसाठी आणि सोयीच्या दिवशी असतात. अपघात एकाचा आणि आजचा असतो.

लॉबीतला चहा

आधार मुळीच नसतो असे नाही. तो क्रू लॉबीत असतो. ड्यूटी संपवून सही करायला आलेल्याकडे एक नजर टाकून जुन्या मोटरमनला कळते. “झालं का काही?” “हं.” “कुठे?” जागा, वेळ, बाई की पुरुष. मग चहा. “घरी जाऊन आंघोळ कर आणि जेव,” एवढा सल्ला. कोणी देवळात जाऊन येतो, कोणी बायकोला सांगत नाही, कोणी मुलाच्या वयाचा होता म्हणून मुलालाच दोन दिवस जवळ घेऊन झोपतो. लांब पल्ल्याच्या चालकांचे असेच काहीसे रनिंग रूममध्ये, म्हणजे बाहेरगावच्या विश्रांतीच्या खोलीत, होते, फक्त तिथे घर दोनशे-तीनशे किलोमीटरवर असते. या आधारात प्रेम आहे, पण त्याचीही एक रीत आहे: पहिली वेळ गंभीर, तिसरीपासून विनोद, पुढे नुसता आकडा. चौथ्या वेळीही ज्याला झोप येत नाही, त्याला लॉबीत तोंड उघडणे उलट अवघड जाते.

आणि लॉबी काही सगळ्याच प्रसंगांना पुरत नाही. ८ मे २०२० च्या पहाटे मराठवाड्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ स्थलांतरित मजूर मालगाडीखाली गेले. चालकाने हॉर्न दिला, गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात परधाडेजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून उतरलेल्या प्रवाशांवर समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. दोन्ही वेळा मजुरांबद्दल, प्रवाशांबद्दल, सरकारबद्दल भरपूर लिहिले गेले. इंजिनात बसलेल्यांचे पुढे काय झाले, ही बातमी झाली नाही. झाली तर कशी होते, त्याचा नमुना अमृतसरचा. १९ ऑक्टोबर २०१८ ला रावणदहन बघत रुळांवर उभ्या असलेल्या गर्दीत डेमू गाडी शिरली, सुमारे ६० माणसे गेली. चालकाने सांगितले, की ब्रेक मारला, गाडी जवळजवळ थांबत आली होती, पण जमावाने दगडफेक सुरू केल्यावर प्रवाशांच्या जिवासाठी ती पुढे न्यावी लागली. दोनच दिवसांत त्याने आत्महत्या केल्याची ‘बातमी’ चिठ्ठीच्या फोटोसह फोनाफोनी पसरली. ती साफ खोटी होती.

मनात काय होते

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या ७६ चालकांचा एक अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. गाडीखाली माणूस आल्यानंतर महिनाभराने तपासले, तेव्हा सुमारे १६ टक्के चालकांत आघातोत्तर तणाव विकृतीची लक्षणे होती; नैराश्य, विशिष्ट गोष्टींची भीती अशी इतर दुखणी त्याहून बरीच अधिक, ४० टक्क्यांच्या आसपास. या आकड्यांची दुसरी बाजूही महत्त्वाची: जवळजवळ निम्मे चालक कोणत्याही निदानाशिवाय सावरले. म्हणजे प्रत्येकाला रुग्ण समजून चालणार नाही, आणि कोणालाच काही होत नाही असेही नाही.

पहिल्या दिवसांत झोप उडणे, तेच दृश्य परत परत दिसणे, आवाजाने दचकणे, छातीत धडधड, हे साधारण शरीराचे उत्तर असते आणि काही आठवड्यांत ओसरते. महिना उलटला तरी ते तसेच राहिले, ती जागा टाळण्यासाठी माणूस ड्यूटी बदलून मागू लागला, चिडचिड घरात उतरली, दारू वाढली, तर उपचारांची वेळ आली. आघातावर केंद्रित वर्तन-विचार उपचार आणि डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ईएमडीआर पद्धत यांचा त्यात गुण येतो.

मदत करण्याच्या उत्साहात जगाने इथे एक चूक केली. १९८३ मध्ये अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी अग्निशमन आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी अशी पद्धत मांडली, की प्रसंगानंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून काय पाहिले, काय वाटले ते टप्प्याटप्प्याने बोलायला लावायचे. रेल्वे, बँका, पोलीस, सगळीकडे ती पसरली. पुढे चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा एका बैठकीच्या या प्रकाराने आजार टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो, असे निघाले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २००५ मध्ये तो सरसकट वापरू नका असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत सांगितलेला प्रथमोपचार याहून साधा आहे: बघा, ऐका, योग्य माणसाशी जोडून द्या. पाणी, बसायला जागा, घरी फोन, आणि बोलायचे असेल तर ऐकणारा. लॉबीतल्या चहाला एवढे तरी शास्त्राचे पाठबळ आहेच.

दुसरीकडची रीत

जर्मनीत रुळांवरच्या आत्महत्या वर्षाला काही शेकड्यांत आहेत. तिथे अशा प्रसंगानंतर चालकाला त्याच जागी गाडीवरून उतरवतात. रेल्वेचा आपत्कालीन व्यवस्थापक येतो, दुसरा चालक गाडी नेतो आणि पहिल्याला कोणीतरी सोबतीने घरी पोचवतो. मानसिक धक्का हा कामावरचा अपघात मानला जातो, त्यामुळे उपचारांचा खर्च कामगार अपघात विम्यातून होतो. प्रवाशांसाठीच्या घोषणेतही शब्द बदलला. पूर्वी ‘व्यक्तीला इजा’ अशा अर्थाचा शब्द होता. आता ‘रुळावर आपत्कालीन वैद्यकीय कामगिरी’ म्हणतात.

अमेरिकेने असा आधार नियमातच घातला. रेल्वे सुरक्षेच्या २००८ च्या कायद्यावरून २०१४ मध्ये केलेल्या नियमाप्रमाणे मोठ्या मालवाहू, लांब पल्ल्याच्या आणि उपनगरी रेल्वे कंपन्यांना आपापली योजना मंजूर करून घ्यावी लागते. तिच्यात कर्मचाऱ्याला उरलेल्या पाळीतून मोकळीक, त्याच्या मुख्य ठिकाणी परत पोचवण्याची सोय, समुपदेशन आणि मागितल्यास जादा रजा असावी लागते. ‘थेट संबंध आलेला कर्मचारी’ याची व्याख्या तिथे विचाराने केलेली आहे. जो चालवत होता तो तर खराच, पण ज्याने प्रत्यक्ष पाहिले आणि ज्याला मदतीला धावावे लागले तोही त्यात येतो. ही व्याख्या मुंबईला लावली तर तिच्यात गार्ड येतो, गँगमन येतो आणि स्ट्रेचरवाला हमालही येतो. मोटरमनच्या वाट्याला वर्षात एखादा प्रसंग येत असेल; कुर्ला-ठाण्याच्या हमालाच्या वाट्याला तो आठवड्यालाही येत असेल. त्याला ना लॉबी, ना लिंक.

ब्रिटनमध्ये रूळ सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलने २०१० पासून आत्महत्या टाळण्यासाठी समॅरिटन्स या संस्थेला सोबत घेतले. फलाटावर घुटमळणाऱ्या, गाड्या सोडून देणाऱ्या माणसाशी कसे बोलावे, याचे प्रशिक्षण हजारो रेल्वे कर्मचाऱ्यांना मिळाले. लंडनच्या भुयारी रेल्वेत सहकाऱ्यांमधूनच तयार केलेले स्वयंसेवक प्रसंगानंतर चालकाकडे जातात. ते डॉक्टर नसतात, वरिष्ठही नसतात, आणि त्यांच्याशी बोललेले सेवा पुस्तिकेत उतरत नाही. भारतात बाहेरचा कान म्हणून ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. क्रू लॉबीच्या फलकावर परिपत्रकांशेजारी तो लिहायला एक खडू पुरतो.

परतीची पहिली फेरी

यातले अवघड, म्हणजे माणसांची भरती आणि मानसिक इजेला कामावरची इजा मानणे, हे मंत्रालयाच्या पातळीवरचे काम आहे. काही गोष्टी मात्र विभागाच्या पातळीवर होण्यासारख्या आहेत. बदली मोटरमन शेवटच्या स्थानकाऐवजी पुढच्या मोठ्या स्थानकात द्यायचा. उरलेल्या पाळीचे किलोमीटर धरायचे. जबाब लॉबीत येऊन घ्यायचा. रेल्वे रुग्णालयातील मानसतज्ज्ञाशी झालेले बोलणे आणि गाडी चालवण्याच्या लायकीचा दाखला, या दोन फायली वेगळ्या ठेवायच्या.

आणि खांब. मेमोत लिहिलेला तो क्रमांक मोटरमनला पाठ होतो. शहरी मार्गाला दुसरी वाट नाही. दुसऱ्या दिवशी ड्यूटी लागली की त्याच खांबावरून दिवसात चार-सहा वेळा जायचे. तिथे आल्यावर मूठ आपोआप मागे येते, हॉर्नचा हात लांबतो, मागच्या प्रवाशांना एवढेच कळते की गाडी उगाच जरा मंदावली. जर्मनीत परतीच्या पहिल्या फेऱ्यांना केबिनमध्ये एखादा सहकारी बसतो. मुंबईत त्यासाठी नवे पद निर्माण करायला नको. लोको इन्स्पेक्टर केबिनमध्ये येतातच. त्या फेरीला फूटप्लेट म्हणतात, आणि तिच्या अहवालात सिग्नल पुकारले का, वेग पाळला का, ब्रेक कसा मारला, याचे रकाने असतात.